लोपाची चौकट : खानदेशातील ग्रामीण कारागिरांचे छायाचित्रण – एक चिकित्सा

प्रस्तावना

खेड्यातील पारंपरिक कारागीर हा गेल्या काही दशकांत छायाचित्रकारांचा आवडता विषय झाला आहे. १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त भरणारी प्रदर्शने, दिनदर्शिका, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि महाविद्यालयांच्या श्रमसंस्कार शिबिरांतून तयार होणारे संग्रह यांत काही दृश्ये वारंवार भेटतात. फिरत्या चाकावरील कुंभाराचे चिखलाने माखलेले हात, भट्टीच्या उजेडात उजळलेला लोहाराचा चेहरा, बांबूच्या कामट्या सोलणारी बुरूड स्त्री, घोंगडीच्या मागावर वाकलेला वृद्ध धनगर ही ती दृश्ये होत. त्यांची शीर्षकेही ठरावीक असतात : ‘लोप पावणारी कला’, ‘अखेरचा कारागीर’, ‘काळाच्या पडद्याआड’.

प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या छायाचित्रप्रकाराची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेशचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशचा धुळे, आणि धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. कापूस, बैलगाडी आणि विहिरीवरील बागाईत यांभोवती उभ्या राहिलेल्या या प्रदेशाच्या शेतीला कारागिरांचा मोठा आधार होता. लेखाचे प्रतिपादन असे की, या छायाचित्रांत दिसणारा ‘लोप’ हा बहुतेक वेळा वस्तुस्थितीचा आरसा नसून चौकटीची निर्मिती असतो. गिऱ्हाईक, किंमत, स्त्रीचे श्रम, जात आणि माणसाचे नाव चौकटीबाहेर ठेवले की चालता व्यवहारही मरणासन्न दिसू लागतो. आणि जे खरोखरच गेले, ते का गेले, हा प्रश्न विचारण्याची गरज पाहणाऱ्याला उरत नाही.

१. पूर्वपीठिका : माणूस आणि नमुना

या प्रदेशाच्या छायाचित्रणाचा आरंभ शोधू गेल्यास रॉबर्ट गिल याचे नाव घ्यावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि खानदेशच्या सीमेवरील या लेण्यांची त्याने घेतलेली छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच्या रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. १८७९ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर भुसावळला आहे. त्या काळच्या पुरातत्त्वीय छायाचित्रणात वास्तूचे आकारमान कळावे म्हणून एखादा स्थानिक माणूस खांबाजवळ उभा करण्याची रीत होती. अशा चित्रांत त्या माणसाला मोजपट्टीपेक्षा अधिक स्थान नसे.

मुंबईत १८५४ मध्ये ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. तिथल्या विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातीजमातींवर १८६३ व १८६६ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे जुळवलेली आहेत : माणसांचे समूह एका ठिकाणी टिपलेले आणि त्यांच्यामागील देखावा दुसऱ्याच छायाचित्रातला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८-७५) या आठ खंडांच्या प्रकल्पातही चित्राखाली येते ते बहुधा जातीचे वा जमातीचे नाव. समोर बसलेल्या माणसाला तो ज्या वर्गाचा मानला गेला, त्याचा नमुना म्हणून पाहिले गेले.

आजचा छायाचित्रकार वसाहतकालीन अधिकाऱ्याच्या हेतूने खेड्यात जात नाही हे उघड आहे. त्याच्या मनात आस्था असते. तथापि, ‘कुंभार, जळगाव जिल्हा’ किंवा ‘ग्रामीण कारागीर, धुळे’ अशी ओळ चित्राखाली येते, तेव्हा रचना जुनीच राहिलेली असते. हेतू बदलला, माणसाला नमुना करण्याची सवय टिकून राहिली.

२. दृश्यसंकेत : चाक, ठिणग्या आणि सुरकुत्या

या छायाचित्रप्रकाराचे संकेत आता इतके रूढ झाले आहेत की ते संकेत आहेत हेच लक्षात येत नाही. कारागीर वृद्ध असावा, एकटा असावा, उजेड एका बाजूने यावा, मागची भिंत मातीची असावी, चौकटीत प्लॅस्टिक, विजेची तार वा दुचाकी दिसू नये. या संकेतांनी काय दाखवले जाते आणि काय झाकले जाते, हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण कुंभाराचे. कुंभारकाम म्हणजे चाक, असा समज या छायाचित्रांनी दृढ केला आहे. वस्तुतः माठ चाकावर पूर्ण होत नाही. चाकावर त्याचा जाड आकार आणि गळा सिद्ध होतो; नंतर तो थोडा सुकल्यावर आतून गुळगुळीत दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत त्याचे पोट वाढवले जाते आणि भिंत पातळ केली जाते. भिंत किती पातळ झाली हे कारागीर थापीच्या आवाजावरून ओळखतो. हे काम संथ आहे, चिखल उडवणारे नाही, म्हणून ते क्वचितच टिपले जाते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, माती आणणे, खडे वेचणे, लीद वा राख मिसळून ती मळणे, भांडी वाळवणे, भट्टी रचताना हाताशी राहणे आणि बाजारात विक्रीला बसणे यांतील मोठा वाटा घरातील स्त्रियांचा असतो. परंपरेने चाक पुरुषाकडे राहिले आणि कॅमेराही चाकाकडेच वळला. परिणामी एका कुटुंबाचा व्यवसाय एका पुरुषाची ‘कला’ म्हणून नोंदला गेला.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयीन प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी काढलेली अशी वीस-बावीस छायाचित्रे प्रस्तुत लेखकाने पाहिली. त्यांत एका कुंभाराचे चित्र फार देखणे होते. ते काढणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलताना कळले की, त्या घरी विजेवर चालणारे चाक होते. पण चित्र ‘खरे’ वाटावे म्हणून त्याने जुने चाक अंगणात काढायला लावले. त्या गृहस्थांनी ते आनंदाने काढून दिले. विद्यार्थ्याच्या मनात कपट नव्हते. ‘खरे’ कसे दिसते हे तो आधीच्या छायाचित्रांतून शिकला होता. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण योजना सुरू करून विजेची चाके वाटली. ते चाक आले म्हणजे कारागीर टिकून राहण्याची धडपड करीत आहे. नेमकी ही धडपडच चौकटीबाहेर गेली होती. त्या कुंभाराचे नाव विचारले असता विद्यार्थ्याला ते सांगता आले नाही.

दुसरे उदाहरण बैलगाडीच्या चाकाला धाव चढवण्याचे. सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून लाकडी चाक सिद्ध करतो. लोहार त्यावर बसणारी लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. गोवऱ्यांच्या आगीत ती तापून प्रसरण पावली की चाकावर चढवतात आणि पाणी ओतून आवळतात. आग, वाफ आणि घणाचे घाव यांमुळे हा क्षण छायाचित्रकाराला मोहात पाडतो. परंतु या कामातील खरे ज्ञान ‘किंचित लहान’ या दोन शब्दांत आहे. धाव फार लहान झाली तर पुठ्ठे फुटतात. पुरेशी लहान नसेल तर उन्हाळ्यात लाकूड आटताच ती निसटते. ते माप कसे घेतले जाते, हे ठिणग्यांच्या चित्रात नसते. दोन जातींच्या कारागिरांचा हा संयुक्त व्यवहार, त्याची मजुरी, गाडीचा मालक यांपैकीही काही नसते. चित्र उरते, ज्ञान जाते. रबरी धावांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर आल्यावर हे काम विरळ झाले, हे खरेच आहे. पण मग त्याची नोंद अधिक काटेकोर हवी होती.

३. लोप नेमका कशाचा?

‘लोप पावणारी कला’ या शीर्षकात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. काही व्यवसाय गरज संपल्याने थांबले आणि काही व्यवसाय लोकांनी जाणीवपूर्वक सोडले. दोहोंना एकच शोकगीत लावणे इतिहासदृष्ट्या चुकीचे आहे.

खानदेशातील विहिरींवर मोट चालत असे तोवर चर्मकाराच्या कातडी कामाला, मातंगाच्या दोरखंडाला, सुताराच्या लाकूडकामाला आणि लोहाराच्या लोखंडी कड्याला एकाच वेळी मागणी होती. तेलाचे इंजिन आणि नंतर विजेचा पंप आला तेव्हा मोटेबरोबर या सर्वांचे काम एकदमच घटले. हा लोप कोण्या एका ‘अखेरच्या कारागिरा’चा नसून एका परस्परावलंबी व्यवस्थेचा आहे. एकट्या वृद्धाच्या चेहऱ्यावर प्रकाश टाकून तो दाखवता येत नाही.

ती व्यवस्थाही निरागस नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याच्या देवघेवीतील कुरबुरी, तक्रारी आणि ओढाताण तपशिलाने आल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील सुधारणेचे विधेयक मांडले, ते वतनातील सक्तीच्या चाकरीतून माणसे मोकळी व्हावीत म्हणून. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर मराठी वाचकाला हा शब्द केवळ ग्रामजीवनाच्या गोडव्याने उच्चारता येणे कठीण झाले. असे असताना मृत जनावराचे कातडे कमावण्याच्या कामापासून दूर गेलेल्या कुटुंबाकडे पाहून ‘कला लोपली’ असे म्हणणे म्हणजे त्यांच्या मुक्तीवर दुखवटा पाळणे होय. बलुतेदारीच्या छायाचित्रांतून जात वगळली जाते, तेव्हा हे विधान नकळत केले जाते. कसब जपण्याजोगे असू शकते. ते ज्या बंधनात वाढले ते बंधन जपण्याजोगे नसते. छायाचित्राला हा भेद दाखवता आला पाहिजे.

दुसरीकडे, जे लोपलेले नाही तेही लोपलेले म्हणून दाखवले जाते. खानदेशात आखाजीला पितरांच्या नावाने मातीची घागर भरण्याची रीत आजही चालू आहे. पालथ्या खापरावर भाजली जाणारी मोठी पुरणपोळी ही तर या प्रदेशाची ओळख; ते खापर कुंभाराकडूनच येते. आखाजीपूर्वीच्या बाजारात घागरींच्या राशींपुढे बसलेली कुंभारीण, बोटाच्या टिचकीने घागर वाजवून पाहणारे गिऱ्हाईक, भावाची घासाघीस हे दृश्य कमी चित्रमय नाही. पण त्यात गर्दी आहे, पैसा आहे, आवाज आहे, विलाप नाही. म्हणून ते प्रदर्शनात फारसे लागत नाही. छायाचित्रण ही विलापाकडे झुकणारी कला आहे, अशा आशयाचे विवेचन सुसान सोंटाग यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात केले. आपल्याकडील कारागीर-छायाचित्रणाने त्या झुकावालाच नियम मानले आहे असे दिसते.

४. मांडणीची कबुली : केकी मूस यांचा दाखला

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, छायाचित्र ही कला आहे, पंचनामा नव्हे. कलावंताला मांडणीचे स्वातंत्र्य असते. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर खानदेशातच सापडते.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याची जवळजवळ पाच दशके रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात, फारसे बाहेर न पडता काढली. त्यांची ख्याती ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणासाठी आहे. टेबलावर लहानसहान वस्तू रचून, प्रकाश योजून ते संपूर्ण देखावा उभा करीत आणि तो टिपीत. ही मांडणी शंभर टक्के कृत्रिम होती. परंतु ती कृत्रिम आहे हे त्या प्रकाराच्या नावातच कबूल केलेले असे. पाहणाऱ्याचा आनंद या कबुलीवर आधारलेला होता : साध्या वस्तूंतून एवढे जग कसे उभे राहिले, याचे आश्चर्य.

अंगणात जुने चाक काढायला लावून घेतलेले चित्रही टेबल-टॉपच आहे; फरक एवढाच की टेबलावर जिवंत माणूस ठेवलेला आहे आणि चित्राखाली ‘वास्तव’ असे लिहिले आहे. दोष मांडणीत नाही. मांडणी लपवून तिला दस्तऐवजाचा अधिकार देण्यात आहे. मूस यांच्या कलेतून खानदेशच्या तरुण छायाचित्रकारांनी घ्यावयाचा धडा प्रकाशयोजनेइतकाच या प्रामाणिकपणाचाही आहे.

५. अन्य वाटा

कारागिराकडे पाहण्याच्या अन्य वाटा उपलब्ध आहेत. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर याने १९२९ च्या आपल्या पुस्तकात जी माणसे दाखवली, त्यांत हातात भांडे घेऊन उभा असलेला मिठाईवाला आहे, तसेच शेतकरी, उद्योजक आणि बेकारही आहेत. त्यानेही अनेकदा नावाऐवजी व्यवसायच लिहिला. पण त्याचा कारागीर कॅमेऱ्याकडे सरळ पाहतो आणि समाजातील इतर सर्वांच्या रांगेत उभा असतो. तो भूतकाळाचा अवशेष नाही, समकालीन नागरिक आहे. आपल्या संग्रहांत कारागिराच्या शेजारी व्यापारी, तलाठी, प्राध्यापक कधीच नसतात. म्हणून तो कोण्या वेगळ्या काळात राहतो असा भास होतो.

ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात व अन्य प्रदेशांतील भित्तिचित्रे, रांगोळी आणि लोककला टिपल्या. मुळात ते चित्रकार. त्यामुळे त्यांच्या छायाचित्रांत कलाकृती, ती करणारी स्त्री आणि तिचे घर यांचा संबंध तुटत नाही. महाराष्ट्रातील सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरील मालिका तर या चर्चेत विशेष महत्त्वाची आहे. परंपरेने लादलेले काम दाखवताना त्यांनी त्याला ‘कला’ म्हटले नाही. ते आजच्या महानगराच्या जबाबदारीचा प्रश्न म्हणून मांडले.

नावाचा प्रश्नही गौण नाही. डोरोथिआ लँग यांचे १९३६ मधील स्थलांतरित मातेचे छायाचित्र जगभर पोहोचले, पण त्यातील स्त्री फ्लोरेन्स थॉम्पसन आहे हे १९७८ मध्ये उघड झाले. बेचाळीस वर्षे तिचा चेहरा सर्वांचा होता. नाव कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याकडे आज विचित्र विभागणी झाली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार, लोहार, सुतार, टोपल्या-झाडू करणारे यांसह अठरा व्यवसायांचा समावेश आहे आणि नोंदणी झालेल्या कारागिराला ओळखपत्र मिळते. शासकीय नोंदीत त्याचे नाव असते, पण काम दिसत नाही. प्रदर्शनातल्या चित्रात काम दिसते, पण नाव नसते. एकाच माणसाचे हे दोन अर्धे जोडण्याचे काम अद्याप व्हायचे आहे.

६. छायाचित्र : एक साधन

हे काम कोणी करावे? प्रस्तुत लेखकाच्या मते ते महाविद्यालयांचे आहे, आणि त्यासाठीची दृष्टी बाहेरून आणावी लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. दप्तरे धुंडाळत गावोगाव हिंडणाऱ्या या संशोधकाचा अंत धुळ्यात १९२६ च्या अखेरीस झाला आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. कागद ‘साधन’ केव्हा ठरतो? तो कोणाचा, कोठला, कधीचा हे सांगता येते तेव्हा. हाच निकष छायाचित्राला लावला तर आपल्या संग्रहांतील बहुसंख्य चित्रे साधन ठरणार नाहीत. उलट, यावल व एरंडोल येथे एके काळी देशी कागद तयार होत असे, ही ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमधील एका ओळीची नोंद कोरडी असली तरी तिच्यात गावाचे नाव आहे आणि वस्तूचेही. तेवढ्यावरून पुढचा अभ्यासक शोध सुरू करू शकतो. नाव-गाव नसलेल्या सुंदर चित्रावरून तो काहीच सुरू करू शकत नाही.

यास्तव विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी पुढील किमान पथ्ये सुचवावीशी वाटतात.

(१) कारागिराची संमती घेऊन त्याचे नाव, गाव व दिनांक चित्रासोबत नोंदवावा; त्याला नाव नको असेल तर तो नकारही पाळावा.

(२) एका देखण्या चित्राऐवजी कच्च्या मालापासून विक्रीपर्यंतची क्रमवार चित्रमालिका घ्यावी. त्यात कुटुंबातील प्रत्येकाचे काम यावे.

(३) हत्यारांची व प्रक्रियांची नावे कारागीर ज्या बोलीत सांगेल, मग ती अहिराणी असो वा लेवा गणबोली, त्याच बोलीत लिहावीत, मापे घ्यावीत.

(४) वस्तूची किंमत, लागलेला वेळ आणि गिऱ्हाईक यांची नोंद करावी.

(५) चित्रासाठी काही हलवले वा मांडले असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

(६) मुलांनी व्यवसाय सोडला असेल तर त्याचे कारण त्यांच्याच शब्दांत नोंदवावे. त्याला अगोदरच ‘ऱ्हास’ म्हणू नये.

(७) छापील प्रत कारागिराच्या घरी पोहोचवावी.

यांतील शेवटचे पथ्य शिष्टाचाराचे वाटले तरी ते टीकात्मक कसोटीही आहे. जे चित्र त्या घरातील माणसे भिंतीवर लावणार नाहीत, ते कोणासाठी काढले गेले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. गावाकडच्या घरांत स्टुडिओत काढलेली जुनी छायाचित्रे पाहावीत : माणूस धुतलेल्या कपड्यांत, ताठ बसलेला, मनगटावर घड्याळ. त्याला स्वतःला कसे दिसायचे आहे याचे ते उत्तर आहे. आपण काढलेल्या चित्रात तो उघड्या अंगाने, मान खाली घालून बसलेला असतो. या दोन चित्रांमधील अंतर हे आपल्या सहानुभूतीचे मोजमाप आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, खानदेशातील कारागिरांचे प्रचलित छायाचित्रण आस्थेतून जन्मले असले तरी त्याचा दृश्यसंकेत माणसाला नमुना, व्यवहाराला विलाप आणि व्यवस्थेला एकाकी चेहरा बनवतो. त्यामुळे जे जिवंत आहे ते मृतवत भासते, जे सोडून देणे न्याय्य होते त्याबद्दल हळहळ वाटते, आणि जे ज्ञान खरोखर जपण्याजोगे आहे ते चौकटीत येतच नाही. सौंदर्याला येथे विरोध नाही. आखाजीच्या बाजारातील कुंभारीण, नाव-गाव-भावासह, सुंदर चित्राचा विषय होऊ शकते.

त्या प्रदर्शनातील विद्यार्थी नंतर पुन्हा त्या घरी गेला. या खेपेस त्याने विजेचे चाक चालू असताना चित्रे घेतली, माती मळणाऱ्या त्या गृहस्थांच्या पत्नीचीही घेतली, आणि दोघांची नावे वहीत लिहून आणली. ती चित्रे पहिल्या चित्राइतकी देखणी नव्हती. मात्र ती पाहून आम्हां अध्यापकांना विचारण्यासारखे बरेच सुचले. पहिल्या चित्रासमोर आम्ही केवळ हळहळलो होतो.